शाळा सोडल्याचा दाखला

अण्णाभाऊ साठे यांच्याविषयी कोठेही दोन शब्द बोलायची वेळ आली, की 'दीड दिवसांची शाळा' हे शब्द पहिल्या दोन वाक्यांतच येतात. १ ऑगस्टच्या जयंतीचा फलक असो, शाळेतील वक्तृत्वस्पर्धा असो, की विद्यापीठातील चर्चासत्र असो. वक्ता एवढे सांगून क्षणभर थांबतो आणि श्रोते माना डोलावतात. वारणेच्या परिसरातील वाटेगावी १९२० साली जन्मलेला, शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेला मुलगा पुढे कथा, कादंबऱ्या, लोकनाट्ये, पोवाडे लिहितो. त्याची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली येते आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळतो. हे सारे खरे आहे, आणि थक्क करणारेही आहे. तरीसुद्धा हे शब्द ऐकले की मला अलीकडे अस्वस्थ वाटते. त्यांतील माहिती बिनचूक आहे. तिच्यावरून आपण मनातल्या मनात जो निष्कर्ष काढतो, तो मात्र मला पटत नाही.

तो निष्कर्ष असा, की अंगात गुण असला म्हणजे शाळा सुटल्याने काही बिघडत नाही. असे आपण उघड म्हणत नाही. पण घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाने नववीतून शाळा सोडली असे कळले, की आपण घटकाभर हळहळतो आणि लगेच आपले समाधान करून घेतो, 'असू दे, पोरगा हुशार आहे, काहीतरी करील.' हा धीर आपल्याला कोठून येतो? काही अंशी तो वाङ्मयातून येतो. शाळा सोडून मोठ्या झालेल्या माणसांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. शाळा सोडून नुसत्याच चाळिशीला आलेल्या माणसाचे चरित्र कोणी लिहीत नाही. शाळा सोडल्याचे परिणाम आयुष्यभर कसे साठत जातात, याचा दाखला मराठी साहित्यात कोठे मिळतो, आणि मिळतो तेथे तो आपण नीट वाचतो का, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे.

आरंभ जोतीराव फुल्यांपासून करणे भाग आहे. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ सालच्या ग्रंथाच्या आरंभी त्यांच्या ज्या चार-पाच ओळी आहेत, त्या महाराष्ट्रात पाठ नाहीत असे घर विरळा. भिंतीभिंतींवर लिहिल्यामुळे त्या आपल्याला सुविचारासारख्या वाटू लागल्या आहेत. वास्तविक तो सुविचार नाही, कार्यकारणाचा हिशेब आहे. विद्या नसली की प्रथम बुद्धी जाते, मग नीती, मग पुढे जाण्याची शक्ती, मग पैसा, आणि शेवटी माणूस खचतो, असा तो क्रम आहे. पैसा चौथ्या पायरीवर आला आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. आपण शाळा सुटल्याचे नुकसान पगारात मोजतो; जोतीरावांनी ते त्याच्या आधीच तीन ठिकाणी मोजले. शिवाय प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघते. शाळा सुटणे ही एका दिवसाची घटना असली, तरी तिचे व्याज पुढे चढतच राहते, हे मराठीत इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही.

हे जोतीरावांना नुसत्या विचाराने सुचलेले नव्हते. त्यांची स्वतःची शाळा एकदा सुटली होती. वडिलांनी त्यांना शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले होते. गफारबेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोन परिचितांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली हा मुलगा पुण्यात मिशनच्या इंग्रजी शाळेत बसला. ते दोघे मध्ये पडले नसते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघण्यामागे हे दोन मध्यस्थ उभे आहेत. त्यांच्या १८५५ सालच्या 'तृतीय रत्न' या नाटकाकडेही मी याच दृष्टीने पाहतो. जोशाने नाडलेले शेतकरी जोडपे शेवटी रात्रीच्या शाळेत शिकायला निघते. नाट्यरचनेच्या दृष्टीने हा शेवट सरळसोट आहे, प्रचारकी आहे, असे कोणी म्हणेल. मला त्यात एका शाळा सुटलेल्या मुलाचा अनुभव दिसतो. एक शाळा सुटली तर दुसरी मिळू शकते. पण कोणीतरी ती उघडून ठेवावी लागते.

ही 'दुसरी शाळा' मनात धरून अण्णाभाऊंच्या चरित्राकडे पुन्हा पाहिले, की दीड दिवसाची गोष्ट निराळी दिसू लागते. लहानपणीच ते आईवडिलांबरोबर गावाकडून चालत मुंबईला आले. मिळेल ते काम केले, गिरणीत राबले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना कम्युनिस्ट कार्यकर्ते भेटले; तेथे वाचन होते, चर्चा होत्या, सभा होत्या, मोर्चे होते. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. हजारो कामगारांपुढे उभे राहून आपला शब्द पोचतो की नाही हे त्याच रात्री कळणे, यापेक्षा कडक परीक्षा कोणत्या विद्यापीठात असते? म्हणजे अण्णाभाऊ शाळेवाचून वाढले असे म्हणणे बरोबर नाही. गावच्या शाळेने त्यांना दीड दिवस दिला. मुंबईच्या कामगार चळवळीने वर्षानुवर्षे दिली. प्रतिभा त्यांची स्वतःची होती. पण त्या प्रतिभेला अक्षर, वाचक आणि विषय मिळवून देणारी एक व्यवस्था तेव्हा जिवंत होती. दीड दिवसाची कौतुककथा नेमकी तीच व्यवस्था झाकून टाकते, म्हणून मला ती खुपते.

आणि एवढे सगळे असूनही किंमत चुकली नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात ते पुष्कळ वर्षे झोपडीत राहिले; त्या वस्तीचे नाव त्यांच्या एका कथासंग्रहाच्या मथळ्यातही आले आहे. १९५८ साली पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले, १९६१ साली ते रशियाला जाऊन आले, त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. आणि १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्याच्या आत, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. ही गोष्ट सांगताना आपण दीड दिवसापासून रशियापर्यंत येतो आणि तेथे थांबतो. गोरेगावपर्यंत कोणी जात नाही.

अण्णाभाऊ स्वतः मात्र असे थांबले नाहीत. मुंबईच्या उपनगरावर त्यांनी लिहिलेली 'स्मशानातील सोनं' ही कथा माझ्या मते मराठीतील पहिल्या प्रतीच्या कथांपैकी एक आहे. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईला येतो. शहरात काम मिळत नाही, म्हणून रानाला लागून असलेल्या उपनगरात बायकोमुलीसह राहू लागतो. तेथे दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. डोंगर फोडण्याची ताकद त्याच्या हातांत आहे, तोवर सारे ठीक चालते. एक दिवस खाण बंद पडते. मग योगायोगाने त्याला चितेच्या राखेत सोन्याचा तुकडा सापडतो, आणि तो राख चाळू लागतो, पुढे प्रेते उकरू लागतो. एका रात्री सावकाराच्या प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजून तो ते बाहेर काढतो. तोंडात सोने आहे का हे चाचपताना त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात. जीव वाचतो, पण दोन बोटे डॉक्टरला कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली. भीमा लहान मुलासारखा रडतो.

या कथेतील भयानक रसावर पुष्कळांनी लिहिले आहे. कोल्ही, अंधार, उघडा पडलेला मुडदा यांनी वाचक शहारतो, यात शंका नाही. परंतु कथेचे मर्म त्या रात्रीत नाही, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आहे. ही कथा शाळेविषयी नाही. तरीही शाळेवाचून जगणाऱ्या माणसाची अर्थव्यवस्था तीत जितकी स्पष्ट दिसते, तितकी मी अन्यत्र पाहिली नाही. भीमाजवळ भांडवल एकच, हात. खाण बंद पडली तेव्हा त्या हातांना दुसरे काम ठाऊक नव्हते, आणि दुसरे काम कोठे मिळते हे विचारायला वाटही ठाऊक नव्हती. काम जाते तेव्हा शिकलेला माणूसही हवालदिल होतो. पण त्याला अर्ज करता येतो, गाव बदलता येते, धंदा बदलता येते, थोडा काळ वाट पाहता येते. वाट पाहण्याची सवड ही शिक्षणाने मिळणारी मोठी मिळकत आहे, आणि ती कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही. भीमाला ती नव्हती. थोडे दिवस तग धरता आला असता, तर बोटेही राहिली असती आणि कामही मिळाले असते. अण्णाभाऊंनी कोणाला दोष न देता, उपदेशाचा एक शब्द न वापरता हे दाखवले. ज्यांना या लेखकात फक्त आवेश दिसतो, त्यांनी ही कथा पुन्हा वाचावी.

नारायण सुर्वे यांच्या बाबतीत हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने दिसते. टाकून दिलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलले. पुढे लहानपणीच मुलाला पोटाची वाट धरावी लागली. घरकाम, हॉटेल, गिरणी असे करीत ते महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, तेथे राहून सातवीची परीक्षा पास झाले आणि १९६१ साली शिक्षक म्हणून वर्गात उभे राहिले. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आला, १९६६ साली 'माझे विद्यापीठ' आला. या दुसऱ्या नावावरून रस्त्यालाच विद्यापीठ मानण्याची एक हौस आपल्याकडे पसरली. परंतु ज्या कवीने ते नाव दिले, त्याने सातवीच्या परीक्षेला बसणे टाळले नाही, हे विसरून चालणार नाही. रस्ता शिकवतो हे खरे; तो प्रमाणपत्र देत नाही, आणि त्या प्रमाणपत्रावाचून शिपायाचा मास्तर होत नाही. मुलाचे नाव शाळेत घालायला आलेल्या एका वंचित बाईवर सुर्व्यांची जी प्रसिद्ध कविता आहे, ती इतकी अस्सल उतरली याचे कारण मला असे वाटते, की शाळेच्या दारात बाहेर उभे राहणे आणि आत हजेरीपट घेऊन बसणे, या दोन्ही जागा त्यांनी भोगल्या होत्या.

मुलींच्या बाबतीत तर शाळा सुटली याची गोष्टसुद्धा होत नाही. ती सुटणारच असे सर्वांनी धरलेले असते. मुंबईबाहेरचे एक उदाहरण येथे घेतल्यावाचून राहवत नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले. दुकानात माल बांधायला आलेली रद्दीची वर्तमानपत्रे त्या वाचीत, आणि जे लिहिले ते वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवीत. त्यातून 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले, ते १९८६ साली. आपण म्हणतो, पाहा, शाळा सुटली तरी लिहिले! मी म्हणतो, ती लपवण्याची वर्षे मोजा. शाळा सुटलेल्या मुलीला पुढे वाचायलाही निमित्त लागते, आड लागते. हा परिणाम मिळकतीत मोजता येत नाही, पण जोतीरावांच्या पहिल्या पायरीवर तो बसतो.

आता अलीकडच्या कलाकृतींकडे वळू. शाळा हा विषय मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि या पाव शतकात त्यावर चांगले काम झाले. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही २००४ सालची कादंबरी घराघरात वाचली गेली. २००२ सालच्या 'दहावी फ' या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटाने शेवटच्या तुकडीतल्या मुलांची बाजू घेतली. २०१३ सालच्या 'फॅन्ड्री'त नागराज मंजुळे यांनी जब्याला शाळेपासून ओढून डुकरांमागे धावायला लावणारी जातीची पकड दाखवली. तिन्ही कृतींविषयी मला आदर आहे. पण एक गोष्ट ध्यानात येते. 'शाळा' दहावीच्या उंबरठ्यावर संपते, 'दहावी फ'च्या नावातच दहावी आहे, आणि 'फॅन्ड्री' एका भिरकावलेल्या दगडाशी थांबते. तो दगड बसायचा त्यालाच बसतो, आणि आपण सुन्न होऊन चित्रपटगृहाबाहेर येतो. पण पुढे काय? जब्या पस्तीस वर्षांचा झाल्यावर काय करीत असेल? मराठी कलावंताची लेखणी आणि कॅमेरा पंधराव्या-सोळाव्या वर्षी थबकतात. कारण उघड आहे. शाळा सुटण्याच्या क्षणात नाट्य असते. त्यानंतरच्या वीस वर्षांत ते दिसत नाही. तेथे असतात फक्त लहान लहान अडथळे.

हे अडथळे उपनगरात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहेत. एके काळी घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने होते. दहावी नापास मुलगा तेथे हेल्पर म्हणून चिकटे, चार वर्षांत त्याचा लेथवर हात बसे, युनियन त्याला बोलायला शिकवी. कारखाना हीच त्याची दुसरी शाळा होती. त्यांतले पुष्कळ कारखाने आज नाहीत. त्या जागी मॉल आणि मनोरे आहेत, आणि तशा मुलाला तेथे पहारेकऱ्याचा गणवेश नाहीतर घरपोच सामान पोचवण्याची पिशवी मिळते. ही कामे हलकी आहेत असे मी म्हणत नाही. पण पहिल्या दिवशी जे काम, तेच दहाव्या वर्षी. त्यात शिकून वर चढायला पायरी नसते. म्हणून १९५५ साली शाळा सोडणे आणि आज शाळा सोडणे या एकाच नावाच्या दोन गोष्टी आहेत. अण्णाभाऊंचा दाखला आजच्या मुलाला देताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

मग कागदांची रांग लागते. आयटीआयच्या बहुतेक व्यवसायांना दहावी लागते. आखातात नोकरीला जायचे, तर दहावी नसलेल्याच्या पासपोर्टावर सामान्यतः सरकारी तपासणीची अट पडते. टॅक्सी-टेम्पो चालवण्याच्या परवान्याला आठवीची अट होती. ती २०१९ साली निघाली, पण तोवर किती जणांनी दुसऱ्याच्या नावावर गाडी हाकली असेल! जातीचा दाखला काढायचा, तर आधी शाळेचा दाखला आणा म्हणतात. आणि शाळा मध्येच सोडणारा मुलगा दाखला घेऊन जात नाही, तो नुसता येईनासा होतो. वीस वर्षांनी आपल्या मुलाच्या प्रवेशासाठी तोच माणूस जुन्या शाळेच्या कचेरीत खिडकीपाशी उभा राहतो. शाळेने मोफत शिकवावे हा हक्क १ एप्रिल २०१० पासून कायद्याने आला, तोही सहा ते चौदा या वयाला. चौदाव्या वर्षी आठवी होते. महापालिकेच्या प्राथमिक शाळा पुष्कळ, माध्यमिक त्यामानाने थोड्या. जेथे कायद्याचा हात सुटतो, नेमकी तेथेच मुलाची शाळाही बदलते, लांब जाते, आणि घरातून कमाईची हाक येते. हा सांधाच कच्चा आहे.

या वीस वर्षांची कादंबरी मराठीत लिहिली जावी असे मला वाटते. अडथळे लहान असले म्हणून त्यांत कथा नसते असे नाही. 'स्मशानातील सोनं' वाचणाऱ्याला तरी असे म्हणता येणार नाही. लेखकाने रात्रीचा थरार लिहावाच, पण दुसऱ्या दिवशीची बातमीही लिहावी.

वाचक म्हणून आपल्याकडेही थोडे काम आहे. मुंबईत रात्रशाळा अजून चालतात. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. या वाटा आहेत. त्या दाखवायला मुनशी आणि लिजिट लागतात. जोतीरावांच्या वडिलांशी बोलायला ते दोघे गेले, तेव्हा त्यांनी फार मोठे काही केले नव्हते. एका बापाशी बसून ते बोलले, एवढेच. दिवाळीच्या दिवसांत आपल्या दारावर कितीतरी तरुण मुले येतात, सामान घेऊन, पत्र घेऊन, पोस्त मागायला. त्यांना फराळ द्यावा, आणि कितवीपर्यंत शिकलास हे विचारून न थांबता, पुढे बसायचे आहे का हेही विचारावे.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. तो एका ओळीचा आहे, आणि कारकून त्यात दोन-तीन ठराविक शब्द लिहितो. जोतीरावांनी, अण्णाभाऊंनी, सुर्व्यांनी, बेबीताईंनी तो रकाना आपापल्या परीने भरून दिला आहे. त्यांना असामान्य म्हणून नमस्कार करण्याआधी, त्यांनी काय लिहिले आहे ते आपण वाचले पाहिजे.